बाळ होतु

बाप्तिस्मा आटोपला की बाळ बायकांच्या बाजूला येतं. ही या मंडळीची जुनी रीत. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जातं. प्रत्येक बाई त्याच्या कपाळाला बोट लावते, आशीर्वाद पुटपुटते आणि पुढं देते. चौथ्या बाकावर भिंतीच्या कडेला काशम्मा बसते. तिथं बाळ थांबत नाही. ते तिच्या डोक्यावरून मागच्या बाकावर जातं. कुणी कुणाला सांगत नाही. हात आपोआप उंच होतात. काशम्मा मान थोडी खाली घेते, म्हणजे बाळाचे पाय अंबाड्याला लागू नयेत.

चर्च तसं लहान. सोलापूरहून दुधनीकडं जाणाऱ्या रुळांजवळचं गाव, साठ-पासष्ट ख्रिस्ती घरं, दगडी भिंती, वर पत्रे. एप्रिलात उपासनेच्या वेळी पत्रे तडतडतात आणि पाळकांचं अर्धं प्रवचन त्यात जातं. काशम्मा बोलायला उभी राहिली की मात्र पत्र्यांचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. तिची साक्ष पार नगरपर्यंत माहीत आहे.

साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. कुणाची दारू सुटलेली असते, कुणाची मुलगी बारावी पास झालेली असते. काशम्माची साक्ष वेगळी. पंधराव्या वर्षी लग्न. एकोणिसाव्या वर्षी बाळ. ते कुणाचं, हे साक्षीत नाही, ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. ते बाळ तिनं विहिरीत सोडलं. मग अंगातून रक्त जायला लागलं, सासरच्यांनी मिशनच्या दवाखान्याच्या पायरीवर आणून टाकलं, आणि तिथं प्रभूनं तिला शोधलं. रक्त थांबलं. पाप धुतलं गेलं. चौतीस वर्षं दर उज्जीवन सभेला, म्हणजे वर्षातून एकदा भरणाऱ्या मोठ्या प्रार्थनासभेला, ती हे सांगत आली. विहिरीच्या काठाशी आली की थांबायची. तेवढ्यात बायकांचे पदर डोळ्यांना जायचे.

बाळ कधीच नव्हतं.

खरं एवढंच, की काशम्माला रक्त जायचं. दोन वर्षं जात होतं. कधी थेंब थेंब, कधी लुगडं भिजेल इतकं. सासर दुधनीच्या पलीकडं, कर्नाटकात. घरात बाईला चार दिवस बाहेर बसवायची चाल होती. काशम्माचे चार दिवस संपेनात, तेव्हा तिला गोठ्यातच ठेवलं. विहिरीवर यायला बंदी केली. एक दिवस सासऱ्यानं तिला रेल्वेत बसवलं, या गावात उतरवलं, दवाखान्याच्या पायरीवर सोडलं आणि पुढच्या गाडीनं तो परत गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त थांबवलं. बाकीचं ऐकून घेतलं मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे त्या वेळच्या पाळकांच्या पत्नी. पुण्याकडच्या. बाजारहाट करता करता त्यांनी वीस-पंचवीस कानडी शब्द उचलले होते आणि आपल्याला कानडी येतं असं त्यांना वाटायचं. काशम्माला मराठी येत नव्हतं. ती खाटेवर बसून रडत रडत बोलली.

"रगत बाळ होतु," ती म्हणाली. तिच्या कानडीत बाळ म्हणजे फार आणि होतु म्हणजे गेलं. रक्त फार गेलं.

मोठ्या बाईंनी ऐकलं, बाळ होतं.

"बावीगे बिडलिल्ला," काशम्मा म्हणाली. विहिरीवर येऊ दिलं नाही. बावी म्हणजे विहीर, हे मोठ्या बाईंना ठाऊक होतं. बिडु म्हणजे सोड, हेही भाजीवाल्या बायकांमुळं ठाऊक होतं. शेवटचा इल्ला, म्हणजे नाही, तेवढा हुंदक्यात गेला.

मोठ्या बाईंनी तिला छातीशी धरलं. आई गेल्यावर तिला असं कुणी धरलं नव्हतं. त्या मराठीत काही विचारत होत्या आणि काशम्मा त्यांच्या खांद्यावर मान हलवत होती.

आठ महिन्यांनी बाप्तिस्मा झाला. नाव ठेवलं क्षमा. "काशम्माची क्षमा. देवानं नाव आधीच काढून ठेवलं होतं बघा," मोठ्या बाई सगळ्यांना सांगत. साक्षही त्यांनीच लिहिली आणि वाचली. मधे थांबून विचारत, "हे खरं ना?" शेजारी उभी केलेली काशम्मा म्हणे, "व्हय." तेवढा एक शब्द तिला चांगला येत होता. पुढं सोलापुरात साक्षीची चार पानी पत्रिका छापून आली. तिचं नाव ‘विहिरीतून वर’.

तिसऱ्या वर्षी काशम्मा मराठी वाचायला शिकली. पहिल्यांदा सलग वाचलं ते हेच. चर्चच्या कपाटात गठ्ठा होता, त्यातली एक घेऊन ती पायरीवर बसली. पहिल्या पानावर तिला वाटलं, ही दुसरीच कुणी बाई आहे. तिसऱ्या पानावर त्या बाईची कीव आली. चौथ्या पानावर खाली आपलं नाव दिसलं. ती तशीच मोठ्या बाईंकडं गेली.

"बाई, हे न्हाय. बाळ न्हवतं. आमच्यात बाळ म्हणजे लई."

मोठ्या बाईंचे डोळे भरले. "क्षमा, सैतान असाच येतो बघ. धुतलेलं पाप पुन्हा झाकायला लावतो. कबुली मागं घेतली की क्षमाही मागं जाते, हे त्याला ठाऊक असतं."

त्यांनी तिला तीन दिवस उपास धरायला लावला. तिच्यासाठी स्वतःही धरला. चौथ्या दिवशी दोघी समोरासमोर भात खायला बसल्या तेव्हा काशम्मा म्हणाली, "होतं, बाई."

वर्षभरानं तिचं लग्न लावून दिलं. नवरा गुरप्पा, दवाखान्यात नव्यानं आलेला कंपौंडर, चांगला माणूस, कानडी घरातला. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो खोकला येईपर्यंत हसला. मग त्यानं उठून दार लावून घेतलं.

"आपण मिशनच्या क्वार्टरात राहतो," तो म्हणाला.

"म्हणून?"

"म्हणून काही न्हाय. असू दे. होऊन गेलेलं बाळ आहे."

"न झालेलं."

"तेच ते," गुरप्पा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

अजिंक्य झाला तेव्हा मोठ्या बाई मदतीला म्हणून चाळीस दिवस त्यांच्या घरी येऊन राहिल्या. काशम्मा दूध पाजायची, त्या समोर बसून असायच्या. काशम्मा न्हाणीत गेली की त्या बाळ उचलून अंगणात जायच्या. आपल्या मुलाला तिनं एकटीनं मांडीवर घेतलं ते एक्केचाळिसाव्या दिवशी. पुढं शाळेतली पोरं त्याला विहिरीतनं वाचलेला म्हणायची. तो घरी यायचा, दप्तर ठेवायचा आणि आईकडं नुसता बघायचा. विचारलं मात्र कधी नाही.

आणि हेही खरं, की काशम्माला साक्ष जमायला लागली. एरवी मंडळीत तिला झाडू, सतरंज्या आणि नाताळात फुलदाण्या. तिचं मत कुणी घेत नसे. माईक हातात आला की तीनशे माणसं गप्प बसायची. नंतर बायका येऊन तिचे हात धरायच्या, हातात धरून ठेवायच्या. त्या हातांसाठी ती बोलायची. कधी कधी तिला वाटायचं, असेलही बाळ. आपण विसरलो असू.

मोठ्या बाई गेल्या. गुरप्पा गेला. दवाखाना बंद पडला, तिथल्या नोंदवह्यांना वाळवी लागली. अजिंक्य सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कारकून झाला, रोज गाडीनं जाऊन येऊन. त्याचं लग्न नगरच्या एस्तरशी झालं, ती शाळेत शिकवायची. एस्तरनं सासूला आधी मोबाईलवर पाहिलं होतं, साक्ष देताना. पहिल्या दिवशी पाया पडून ती म्हणाली, "आई, तुमची साक्ष ऐकून आमच्याकडं सगळे रडले होते." काशम्माला बरं वाटलं. दोघींचं दीड वर्ष छान चाललं.

मग एस्तरला दिवस गेले.

मुलगी नगरला झाली. तिचं नाव शॅरन. एस्तर तिला घेऊन सासरी आली तेव्हा ती अडीच महिन्यांची होती. काशम्मानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हात पुढं केले. एस्तर हसली. "आई, बाहेरून आलोय, आधी हातपाय धुते," म्हणाली, आणि बाळासकट आत गेली.

पहिले आठ दिवस काशम्माच्या लक्षात आलं नाही. ती तेल कोमट करायची, तर एस्तर म्हणायची, "ठेवा तिथं, मी लावते." ती पाणी तापवायची, तर न्हाणीचं दार आतून लागायचं. दुपारी एस्तर झोपली की खोलीला कडी. सगळं अगदी गोड बोलून. नवव्या दिवशी एस्तर केस धुवायला गेली आणि पाळण्यात शॅरन रडायला लागली. आधी कुरकुर, मग टाहो. काशम्मा चुलीपासून उठून पाळण्यापाशी आली. दोन्ही हात पुढं गेले आणि तिथंच राहिले. मग तिनं ते पाठीमागं धरले. बाळ लाल होऊन रडत होतं आणि ती हात पाठीमागं धरून उभी होती.

एस्तर ओल्या केसांनी धावत आली. "हात लावला?"

"न्हाय."

"खरंच?"

"न्हाय लावला, बाळा."

एस्तरनं मुलीला उचलून छातीशी घेतलं आणि तिचे हातपाय एकेक करून तपासले. काशम्मासमोरच.

अजिंक्य संध्याकाळी आला तेव्हा काशम्मा अंगणात होती. ती म्हणाली, "ती मला पोरीला हात लावू देत न्हाय."

"तसं नाही, अम्मा. पहिलटकरीण आहे. घाबरते."

"मला घाबरते?"

अजिंक्य बुटाची नाडी सोडत राहिला. "तूच सांगतेस की. दर वर्षी. माईकवर."

या मंडळीत बाळाला दारापासून बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडापर्यंत बापाची आई घेऊन जाते. शॅरनचा बाप्तिस्मा पाच आठवड्यांवर आला होता. काशम्मानं त्यासाठी पांढरी साडी आणून ठेवली होती. तिला आता एवढंच हवं होतं. दार ते कुंड, वीसेक पावलं, नात हातात.

शेजारी अनिसा राहते. बांगड्यांचं दुकान आहे तिचं. जन्म दुधनीचा, कानडी घरच्यासारखं बोलते. इतक्या वर्षांत तिलाही काशम्मानं हे सांगितलं नव्हतं. त्या दिवशी भिंतीला टेकून सांगितलं. अनिसाला हसू आवरेना.

"बाळ होतु म्हणजे बाळ होतं? या अल्ला. मग आम्ही म्हणतो मळी बाळ बंतु, पाऊस लई आला. तर काय आभाळातनं पोरं पडली म्हणायचं?"

काशम्माही हसली. गुरप्पा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. हसता हसता तिला रडू आलं.

अनिसा गंभीर झाली. "सांगून टाक की गं सरळ. खून केला नाही म्हणून कुणी मारतंय होय? तुमच्यात माईक आहेच."

काशम्माला ते पटलं. इतकं सोपं होतं. बाळ नव्हतं म्हटलं की संपलं.

पुढच्या रविवारी पाळक केदारींनी विचारलं, "कुणाची साक्ष?" काशम्मा उठली. लोक सावरून बसले. पुढच्या बाकावरच्या बाईनं पिशवीतून रुमाल काढला. मोबाईल स्टँडवर लावलेला होताच.

"सलाम," काशम्मा मंडळीच्या रीतीनं म्हणाली. "मी जे सांगत आले ते खरं न्हाय. मला बाळ न्हवतं. मी कुणाला विहिरीत टाकलं न्हाय. मला रगत जायचं. शास्त्रात ती बाई हाय बघा, रक्तस्रावाची, गर्दीत मागनं येऊन प्रभूच्या कपड्याला हात लावणारी. तसं माझं होतं. मोठ्या बाईंना माझं कानडी कळलं न्हाय. आमच्यात बाळ म्हणजे लई." मग तिनं ते वाक्य कानडीत म्हणून दाखवलं. दोनदा.

मागच्या बाकावर सिद्धेश्वर नावाचे म्हातारे बसतात, कानडी घरातले. ते उठून मोठ्यानं म्हणाले, "बरोबर हाय. बाळ म्हणजे फार." त्यांच्या मुलानं त्यांना सदरा धरून खाली बसवलं.

कुणीतरी फस्सकन हसलं. रुमाल काढलेल्या बाईनं तो घडी घालून परत पिशवीत ठेवला. काशम्मा जागेवर येऊन बसली. तिला हलकं वाटत होतं. तिनं एस्तरकडं बघितलं. एस्तर बाळाला घेऊन बाहेर निघाली होती.

उपासनेनंतर पंच कमिटी बसली. मागच्या खोलीत, सहा जण. काशम्माला स्टूल दिलं. चिटणीस शिवपुत्र मास्तर, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी वही उघडली.

"बाळ नव्हतं, हे कशावरून?"

"मी सांगते की."

"बाळ होतं, हेही तूच सांगत होतीस. चौतीस वर्षं. आम्ही कुठल्या क्षमाबाईवर विश्वास ठेवायचा?"

"आधी मला मराठी येत न्हवतं, मास्तर."

"चौतीस वर्षं येत नव्हतं?"



"माझा भाऊ तुझी साक्ष ऐकून दारू सोडून आला," एक पंच म्हणाला. "आता त्याला काय सांगू? चूक झाली, परत पी?"

दोघं-तिघं हसले. पाळक केदारी हसले नाहीत. तरुण माणूस, मवाळ, बोलताना बोटं जुळवणारा. ते म्हणाले, "क्षमाबाई, मोठ्या बाईंनी या मंडळीसाठी आयुष्य दिलं. त्या खोटं लिहून गेल्या, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"खोटं न्हाय. त्यांना कळलं न्हाय."

"आणि तुम्ही होय म्हणालात. प्रभूच्या घरात उभं राहून. बघा, खुनाला क्षमा आहे. ती तुम्हाला मिळालीच होती. पण ही खोटी साक्ष झाली. दहा आज्ञांतली नववी मोडलीत."

"पाळकसाहेब, मी कुणाला मारलं न्हाय."

"तोच तर प्रश्न आहे," पाळक हळू आवाजात म्हणाले.

तिला वर्षभर शिस्तीखाली ठेवायचं ठरलं. प्रभुभोजनाची भाकर नाही, माईक नाही, कुंडाच्या चौथऱ्यावर पाय नाही. मास्तरांनी ते वहीत लिहिलं आणि पुढच्या रविवारी वाचून दाखवलं. वाचताना त्यांनी तिचं पूर्ण नाव घेतलं. खून सांगत होती तेव्हा तिला चौथ्या बाकावर जागा होती. आता मागं, चपलांच्या शेजारी बसायचं होतं.

घरी एस्तरनं तिला समोर बसवलं. ती रागावलेली नव्हती. तेच वाईट होतं.

"आई, मी या घरात निर्धास्त झोपत होते ते एकाच गोष्टीवर. तुमच्या हातून काय झालं ते झालं, पण देवानं तुम्हाला बदललं. आता तुम्ही म्हणता बदलण्यासारखं काही नव्हतंच. मग मी कशावर भरवसा ठेवू? उद्या म्हणाल बाळ होतं. परवा म्हणाल नव्हतं."

"तुला पोरीसाठी भ्या वाटतं म्हणून सांगितलं गं मी."

"तेच म्हणतेय मी. पोरगी हवी म्हणून सांगितलं."

काशम्मानं अजिंक्यकडं पाहिलं. तो मोबाईलमध्ये बघत होता.

बाप्तिस्म्याला दहा दिवस उरले तेव्हा पाळक केदारी घरी आले. चहा घेतला, शॅरनला मांडीवर घेतलं, जावळाचं कौतुक केलं. मग खिशातून कागद काढला. टाईप केलेला. वय आणि एकटेपणामुळे माझ्या मनात भ्रम उत्पन्न झाला, मूळ साक्षच खरी आहे, मंडळीनं क्षमा करावी. खाली सहीची जागा.

"सही केलीत की शिस्त उठते," पाळक म्हणाले. "बाप्तिस्म्याच्या रविवारी साक्ष पुन्हा द्यायची, म्हणजे लोकांच्या मनातली शंका जाईल. नाहीतर आजी असून तुम्हाला चपलांपाशी बसावं लागेल. मलाच कसंतरी वाटतं."

ते गेल्यावर अजिंक्य पहिल्यांदा तिच्याजवळ येऊन बसला. "अम्मा, कर सही. नगरची सगळी माणसं येणार आहेत."

"अजिंक्या, तुला काय वाटतं? होतं का बाळ?"

त्यानं कागद तिच्यापुढं सरकवला. "मला काय ठाऊक. मी नव्हतो तेव्हा."

"तूच पहिला होतास."

"सही कर. मी एस्तरशी बोलतो. कुंडापर्यंत तूच ने शॅरनला. शब्द देतो."

काशम्मानं सही केली. क्षमा गुरप्पा, असं. तिची सही चांगली होती, मोठ्या बाईंनी गिरवून घेतलेली. संध्याकाळी अनिसा भिंतीवरून म्हणाली, "वेडी का काय तू?" काशम्मा म्हणाली, "वीस पावलं हायती." अनिसाला कळलं नाही.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. नगरची चाळीस माणसं आली होती. काशम्मानं पांढरी साडी नेसली. उपासना सुरू होण्याआधी मास्तरांनी शिस्त उठल्याचं वाचून दाखवलं. मग माईक तिच्या हातात आला.

तिला वाटलं होतं, तोंडातून शब्द फुटणार नाही. पण साक्ष आपोआप आली. इतक्या वर्षांची वाट होती. या वेळी तर ती आणखी पुढं गेली. कधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. पाणी किती खोल होतं ते. आवाज कसा आला ते. वीस पावलांसाठी जेवढं द्यायला लागेल तेवढं तिनं दिलं. नगरच्या बायका ढसाढसा रडल्या. सिद्धेश्वर म्हातारे मान खाली घालून बसले होते.

माईक ठेवून ती दारापाशी गेली. एस्तर तिथं शॅरनला घेऊन उभी होती. काशम्मानं दोन्ही हात पुढं केले. एस्तरचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती एक पाऊल मागं सरली. तिनं बाळ शेजारी उभ्या असलेल्या स्वतःच्या आईकडं दिलं.

काशम्मानं अजिंक्यकडं पाहिलं. तो स्टँडवरचा मोबाईल सरळ करत होता.

एस्तरची आई भली बाई. तिला अवघडल्यासारखं झालं. "ताई, तुम्ही टॉवेल धरा ना," ती म्हणाली. काशम्मा टॉवेल घेऊन तिच्या मागून चालत गेली. कुंडापाशी पाळकांनी तीनदा पाणी घातलं. शॅरन रडली नाही. एस्तरनं टॉवेल घेतला, डोकं टिपलं आणि ओला टॉवेल परत काशम्माच्या हातात दिला.

जेवणं उरकल्यावर अजिंक्य तिला मांडवाच्या कडेला घेऊन गेला. "अम्मा, थोडक्यात सांगायचं ना. पाण्याचा आवाज वगैरे कशाला? एस्तर किती घाबरली बघितलंस?"

"तू शब्द दिला होतास."

"मी बोललो होतो तिच्याशी. ती तयार झाली होती. तू बोलायला लागेपर्यंत."

एस्तरची आई परत गेली नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली, एस्तर शिकवायला जाऊ लागली आणि शॅरनला तिची आई सांभाळू लागली. खोल्या दोनच. बाप्तिस्म्याला आलेल्या करमाळ्याच्या एका पाळकांनी काशम्माला आपल्याकडच्या सभांना बोलावलं होतं. अजिंक्य म्हणाला, "जा की. तिकडं तुला मान आहे. इथं जागाही होईल."

ती गेली. करमाळ्याहून बार्शीला, तिथून आणखी कुठं. आता ती महिन्यातले वीस दिवस बाहेरच असते. करमाळ्याच्या पहिल्याच सभेनंतर एका म्हातारीनं तिचा हात धरून विचारलं, "मुलगा होता की मुलगी?" चौतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"मुलगी," काशम्मा म्हणाली. "तीन महिन्यांची."

तेव्हापासून ती साक्षीत मुलीचं सगळं सांगते. डाव्या कानामागं तीळ होता. फिरता पंखा बघून हसायची. झोपेत ओठ हलायचे. टाळू अजून भरली नव्हती, तिथं श्वासाबरोबर हलायचं. हे सगळं शॅरनचं आहे, पाळण्याच्या कडेला उभं राहून बघितलेलं. यात एक शब्द खोटा नाही. लोक म्हणतात, क्षमाबाईंची साक्ष इतकी जिवंत पूर्वी कधी नव्हती. बायका रडता रडता आणखी विचारतात आणि ती सांगते. फक्त हातात जड लागायची का, असं कुणी विचारलं तर ती क्षणभर अडते. ते तिला अंदाजानं सांगावं लागतं.